रविवारचं गवत

दुकानदाराने विचारलं, "गवत कापायचंय की लॉन?"

"एकच की हो," मी म्हटलं.

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि थेट दुसरा प्रश्न टाकला, "किती सीसीचं दाखवू?" मला सीसी कळतात ते मोटारसायकलीचे. तेवढ्या भांडवलावर मी समोरच्या पाटीवरचा सगळ्यांत मोठा आकडा सांगितला. 52 सीसीचं ग्रास कटर खोक्यासकट स्कूटरवर आडवं बांधून चोंढीला घरी आलो तेव्हा बाबा ओटीवर बसले होते. खोक्यावरचं चित्र बघून म्हणाले, "एवढं मोठं? कनकेश्वराचा डोंगर सोलायचाय का?"

हे 2020 च्या दिवाळीनंतरचं. त्या वर्षी आमच्या अलिबागकडे दोन गोष्टी झाल्या होत्या. मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि 3 जूनला निसर्ग वादळ येऊन गेलं. वादळाने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, बोटीने मुंबई तासाभरावर आणून ठेवली. टाळेबंदी सैल झाल्यावर माणसं गाडीसकट बोटीत बसून यायला लागली. सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यात बंगले आधीपासूनच होते, ते आता शनिवार-रविवारी रिकामे राहीनात. आणि बंगला म्हटला की लॉन आलंच. नारळीच्या सावलीला म्हणून यायचं आणि अंगणात मधोमध इंग्लंड अंथरायचं, हा काय सोस आहे ते मला अजून उमगलेलं नाही. पण त्याच सोसावर माझ्या मुलीच्या क्लासची फी निघते, तेव्हा मी त्यावर फार बोलत नाही.

मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. शनिवारी अर्धा दिवस, रविवार पूर्ण मोकळा. टाळेबंदीत गावी गेलेले बरेच माळी परतले नव्हते, बंगल्यांचे केअरटेकर "कोणी लॉन कापणारा आहे का" म्हणून नाक्यावर विचारत फिरत होते. दोन दिवसांत दोन बंगले मिळाले तर बघू, एवढाच माझा हिशेब होता.

ग्रास कटर हे मशीन वाईट नाही. खांद्याला पट्टा, सायकलीसारखं हँडल, लांब दांडी आणि टोकाला फिरणारं पातं नाहीतर नायलॉनची दोरी. पावसाळ्यानंतर माजलेलं कंबरभर रान असो, कुंपणाकडेचं काटेरी झुडूप असो, त्याच्यासारखं काम दुसरं काही करत नाही. आंबा-काजूच्या बागा साफ करायला सगळं कोकण आज त्याच्यावरच आहे. त्याचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावं लागतं. माझ्या मशीनला 25 ला 1, म्हणजे लिटरला 40 मिली. चांगल्या कंपन्यांच्या मशीनला 50 ला 1 चालतं, तिथे 20 मिली पुरतं. हा आकडा डोक्यात नसेल तर बाटलीवर मार्करने लिहून ठेवावा, कारण एकदा नुसतं पेट्रोल घातलंत की पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मग मशीन म्हणजे फक्त दांडी उरते. हे मी ऐकीव सांगत नाही.

गमबूट, गॉगल आणि कानात बोळे हवेतच. गवतात घोणस असते, ओल्यात लेप्टोच्या तापाचे जंतू असतात. सुरुवातीला मी चपला घालून कापायला गेलो होतो, आणि त्या बंगल्याच्या केअरटेकरने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याचं बरोबर होतं.

चूक मशीनची नव्हती, माझी होती. मी रान कापायचं हत्यार घेऊन लॉन कापायला गेलो. कटर माणूस खांद्यावर पेलून डावी-उजवीकडे झुलवतो. कितीही सांभाळा, प्रत्येक झोक्याला दोरी मधे खाली जाते, कडेला वर राहते. पहिल्या बंगल्याचं तीन गुंठ्यांचं मेक्सिकन लॉन मी दीड तासात कापलं, घाम पुसला आणि वरच्या बाल्कनीतून फोटो काढायला गेलो. वरून ते लॉन चाई पडलेल्या डोक्यासारखं दिसत होतं. गोल गोल टकलं, मधे केसांचे पुंजके. मालकीणबाई सभ्य होत्या. त्या फक्त "वाढेल ना परत?" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या बंगल्यात दोरीने एक खडा उडवला, तो बारा-पंधरा फुटांवरच्या सरकत्या दाराच्या काचेवर बसला. काच फुटली नाही, जाळी धरली. तिचे पैसे भरले तेव्हा त्या महिन्याची सगळी कमाई गेलीच, वर पगारातले गेले.

मग मी जरा गवत शिकलो. आमच्याकडच्या नर्सऱ्या ज्याला मेक्सिकन म्हणतात ते मेक्सिकोचं नव्हेच. ते झोयसिया, मूळचं पूर्वेकडच्या आशियातलं, कोरियन गवत म्हणून जगभर ओळखलं जाणारं. बारीक, दाट, सावकाश वाढणारं, कापायला मात्र चिवट. दुसरं सिलेक्शन वन. ते म्हणजे आपल्या हरळीचीच निवडून काढलेली जात, थोडक्यात दूर्वा. ते पावसात बघता बघता वाढतं. किहीमच्या एका बंगल्यात राहणाऱ्या आजींनी तर गणपतीच्या आधीच्या रविवारी मला फाटकातूनच परत पाठवलं होतं. "माझ्या एकवीस जुड्या झाल्याशिवाय मशीन लावायचं नाही." मी म्हटलं, आजी, एवढं मोठं लॉन आहे, जुड्या कितीही होतील. तर त्यांनी मला गवतात वाकायला लावून दाखवलं. पूजेला तीन पानांचा कोवळा शेंडा लागतो, आणि दर आठवड्याला मशीन फिरलेल्या लॉनमध्ये शेंडा शिल्लक कुठे राहतो? अख्ख्या लॉनमध्ये दूर्वा होत्या कुंपणाकडेला, जिथे माझा हात आळसाने पोचला नव्हता तिथे.

गवत कोणतंही असो, एका वेळी त्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. इंचभर ठेवायचं असेल तर दीड इंच झालं की कापायचं. उन्हाळ्यात मेक्सिकनला दोन-तीन आठवडे थांबलं तरी चालतं. जुलैत मात्र पाच-सहा दिवसांत ते दीड इंच होतं. म्हणजे एक रविवार पावसाने धुऊन नेला की पुढच्या रविवारी तुम्ही लॉन कापत नसता, परत गवत कापत असता. दुकानदाराचा पहिला प्रश्न मला असा सात-आठ महिन्यांनी कळला.

दुसरं मशीन मी जुनं घेतलं. बंद पडलेल्या एका रिसॉर्टच्या सामानात पेट्रोलचं ढकलायचं मोवर होतं. चार चाकं, वर फोर-स्ट्रोक इंजिन, खाली आडवं पातं, मागे गवत जमा व्हायला पिशवी. याला रोटरी म्हणतात. ऑइल मिसळायची भानगड नाही आणि कापतं सपाट. मी खूश होतो. मग कळलं की 30 किलोच्या वरचं हे धूड स्कूटरवर बसत नाही. छोटा हत्ती टेम्पो करावा लागतो, आणि छोटा हत्तीवाल्याला रविवारी लग्नाची भाडी असतात. तो आला तरी दोन बंगल्यांच्या कमाईतला मोठा वाटा त्याचा. शिवाय आमची किनाऱ्याकडची जमीन रेताड. जुलैत पुढची चाकं रुतायची आणि लॉनवर दोन समांतर चरे पडायचे, बैलगाडी गेल्यासारखे.

पातं बोथट झालं की आणखी एक गंमत. रोटरीचं पातं कात्रीसारखं कापत नाही. ते कोयत्यासारखं, मिनिटाला तीनेक हजार फेऱ्यांनी गवताला फटका मारतं. धार असेल तर फटक्यात पान तुटतं, नसेल तर फाटतं. कापलंत तेव्हा सगळं हिरवं दिसतं आणि दोन दिवसांनी फाटलेले शेंडे वाळून अख्ख्या लॉनवर तपकिरी साय धरते. मालकाचा फोन मंगळवारी येतो. फेब्रुवारी ते मे मशीन पेट्रोलसकट तसंच पडून राहिलं, तेव्हा कार्बोरेटरमध्ये डिंक धरला. हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल तर ओलावाही ओढतं. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवायचं, हे मेकॅनिकने मला सांगितलं, दुरुस्तीचे पैसे मोजून घेतल्यानंतर.

विजेचं मोवर बघितलं होतं. ओलं गवत, पन्नास फूट वायर आणि मी, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि परत ठेवलं. बॅटरीचं आवडलं. पण मशीन आणि दोन बॅटऱ्या मिळून जी किंमत झाली ती ऐकल्यावर मी दुकानदाराला "घरी विचारून सांगतो" म्हटलं.

या सगळ्या काळात मी सीसी बघत होतो, पात्याची रुंदी बघत होतो, किंमत बघत होतो. पतसंस्थेत कर्जाच्या फाइली बघतो तसा मशीनखाली वहीत घसाराही धरत होतो, 15 टक्क्यांनी. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचा खरा घसारा किती असतो ते आयकर खात्याला बहुधा माहीत नसावं. रुंदीचा हिशेबही करून बघितला होता. तीन गुंठे म्हणजे साधारण 300 चौरस मीटर. 16 इंची मशीनने, थोडा पट्टा पट्ट्यावर चढवत गेलात, तर पाऊण किलोमीटरहून जरा जास्त चालणं होतं. 21 इंची मशीनने सहाशे-साडेसहाशे मीटर. म्हणजे पाच इंच जास्त घेऊन वाचलं काय, तर दोनअडीचशे मीटरची चाल. फाटक उघडणं, खुर्च्या उचलणं, कडा कात्रीने मारणं, गवत भरणं यातच एक तास जातो. रुंद मशीनची जाहिरात वाचताना हे कोणी सांगत नाही.

आणि ज्याच्यावरून सगळं अडत होतं ते कुठल्याच जाहिरातीत नव्हतं.

मी मोकळा रविवारी. बंगल्यांचे मालक बंगल्यात असतात तेही रविवारी. मुंबईहून शुक्रवारी रात्री निघून आलेलं माणूस रविवारी सकाळी आठ वाजता एकाच गोष्टीसाठी आलेलं असतं, झोपायला. आणि मी नेमका त्याच्या खिडकीखाली दोरी ओढून इंजिन सुरू करत होतो. आवासच्या एका बंगल्यात पहिल्या मजल्याची खिडकी उघडली, विस्कटलेल्या केसांचे एक गृहस्थ बाहेर डोकावले. ओरडले नाहीत. हात जोडले. खरंच जोडले, देवापुढे जोडतात तसे. मी इंजिन बंद केलं. त्या शांततेत शेजारच्या बंगल्यातून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्या महिन्यात माझे चारातले दोन बंगले सुटले. दोघांनीही कारण सांगितलं नाही. केअरटेकर म्हणाला, "साहेबांनी आठवड्यातला माणूस बघितलाय." म्हणजे ज्याला माझ्यासारखी नोकरी नाही असा.

तिसरं मशीन मी विकत घेतलंच नाही. सासवण्याच्या एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजात, तुटक्या वेताच्या खुर्च्यांमागे, हाताने ढकलायचं एक मोवर पडलं होतं. दोन लोखंडी चाकं, मधे पीळ दिलेल्या पाच पात्यांचा सिलिंडर, लाकडी मूठ. गंज एवढा की सिलिंडर हलत नव्हता. भंगारवाला येणार होता. त्याच्या आधी मी पोचलो. स्कूटरच्या पायाकडे बसलं, मूठ वर उभी. तेव्हाच अर्धं मन वळलं होतं.

घरी आणून ओटीवर ठेवलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

बाबा मुंबईला गिरणीत होते. बदली कामगार म्हणून लागले, पुढे फोल्डिंग खात्यात कायम झाले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगारांतले ते एक. "थोडे दिवस गावी जाऊन येतो" म्हणून चाळीतून निघाले ते आजपर्यंत इथेच आहेत. गिरणीबद्दल ते बोलत नाहीत. कोणी विचारलंच तर पाळ्यांच्या वेळा सांगतात आणि थांबतात.

त्या दिवशी ते पायरी उतरून खाली आले, मशीनपाशी उकिडवे बसले आणि पीळदार पात्यावरून अंगठा फिरवत गेले, आडवा, कडेला लागू न देता. मग खालची सरळ पट्टी चाचपली. म्हणाले, "हे क्रॉपिंग आहे."

"काय?"

"क्रॉपिंग. कापड साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरलं की त्याच्यावर सुटे धागे लोंबत असतात. ते कापायला आमच्याकडे हेच मशीन होतं. असंच पातं, अशीच खाली पट्टी. फक्त माणसाएवढं लांब. कापड वरून जायचं आणि हा सिलिंडर नुसता गुणगुणायचा." त्यांनी तोंडाने तो आवाज काढून दाखवला. माझ्या मुलीने तो पहिल्यांदा ऐकला, आणि मीही.

मला वाटलं, म्हातारपणी सगळीकडे गिरणीच दिसते. म्हणून रात्री शोधून वाचलं. लॉन मोवर 1830 मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने काढलं, आणि त्याला ते सुचलं होतं गिरणीतल्या, लोकरी कापडावरची लव कापणाऱ्या यंत्रावरून. गवताला त्याने कापडासारखं बघितलं. आमच्या ओटीवर जो उलगडा झाला तो इतिहासातला होता. बडिंग म्हणे लोकांनी हसू नये म्हणून हे यंत्र रात्री चालवून बघायचा, असं सांगतात. ते वाचून मला त्याच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. पहिलं वर्षभर मीही तोंडाला रुमाल आणि डोक्यावर टोपी अशाच अवतारात लॉन कापत होतो. उन्हाचं निमित्त होतं. खरं कारण, पतसंस्थेचा कुठला सभासद ओळखेल ही धास्ती.

पुढचे चार दिवस बाबा कामावर होते. रॉकेल, वाळूचा कागद, तारेचा ब्रश. बेअरिंगांतलं जुनं ग्रीस काढलं, नवं भरलं. एका बाजूचं चाक आणि आतलं छोटं दातेरी चक्र काढून, पात्यांना गॅरेजवाल्याकडची व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून सिलिंडर हाताने उलटा फिरवत राहिले. पातं पट्टीला घासून आपली धार आपणच लावतं. मग जुळवणी. दोन्ही कडांना स्क्रू असतात, ते पाव-पाव आट्याने फिरवायचे. वर्तमानपत्राची पट्टी पात्यात धरायची आणि सिलिंडर बोटाने सरकवायचा. कागद कचकन तुटला तर ठीक. मुडपला तर पट्टी लांब आहे. तुटला पण सिलिंडर जड झाला तर पट्टी फार जवळ आली. डावीकडे, मधे, उजवीकडे, पाचही पात्यांना. "लागलं पाहिजे, चावलं नाही पाहिजे," हे ते स्वतःशीच म्हणत होते.

रविवारी सकाळी साडेसातला मी आवासला त्याच बंगल्याखाली ते ढकलत होतो. किर्रर्र, किर्रर्र. शिवणयंत्र दुसऱ्या खोलीत चालावं एवढाच आवाज. गवताचे कातरलेले कण पुढे कारंज्यासारखे उडत होते आणि मागे पट्टा उमटत होता, एक फिका, एक गडद, लुगड्याच्या घडीसारखा. खिडकी उघडली. मी थांबलो. गृहस्थ थोडा वेळ बघत राहिले आणि खिडकी तशीच उघडी ठेवून आत गेले.

याने सगळं सुटलं असं नाही. सिलिंडरला उंच गवत कापता येत नाही, ते त्याला आडवं पाडतं आणि वरून निघून जातं. ओल्यात गवताचा लगदा पात्यांत बसतो. एखादी काडी, आंब्याची बाठ, नारळाचा खराटा मधे आला की खटकन अडतं आणि मूठ पोटात बसते. म्हणून आधी अख्खं लॉन चालून वेचावं लागतं. जुलै-ऑगस्टात रविवार कोरडा मिळेल याची हमी नाही. तेव्हा मी शनिवारी दुपारी, झोपेची वेळ टळल्यावर, जुन्या 52 सीसीला नायलॉन लावून वरचं वर उतरवून घेतो आणि रविवारी पाऊस उघडला तर सिलिंडर फिरवतो. मोठी लॉनं मी घेतच नाही. सहा गुंठ्यांच्या वर माणूस दमतो आणि मग पट्टे वाकडे जातात. रोटरी विकलं. आज सात बंगले आहेत आणि त्यांतले तीन शेजारच्यांनी सांगून मिळाले. शेजाऱ्यांनी काही बघितलं नव्हतं, त्यांना फक्त काही ऐकू आलं नव्हतं.

मागच्या महिन्यात थळचा एक मुलगा आला होता, बारावीनंतर काही करायचं म्हणत होता. "काका, कुठलं मशीन घेऊ?" मी त्याला विचारलं, तुझी सुट्टी कधी? तो म्हणाला, सुट्टीच आहे, कॉलेज नाही. मग तू पेट्रोलचं घे, मी म्हटलं, आणि मंगळवार-बुधवारी काप.

बाबांचा माझ्या जुळवणीवर अजून विश्वास नाही. शनिवारी रात्री जेवणं झाली की ते चष्मा लावतात, वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून मांडीवर घेतात आणि एकेक पात्यात घालून बघतात. डावीकडे, मधे, उजवीकडे. मी आधीच केलेलं असतं, ते त्यांना माहीतही असतं. ओटीभर बोटाएवढे कागदाचे तुकडे पडतात. बायको केरसुणी घेऊन उभी असते. "लॉन लोकांचं," ती म्हणते, "आणि कचरा माझ्या ओटीवर." बाबा पाय वर घेतात, तिला झाडू देतात आणि पुढची पट्टी फाडतात.